नळीतले दोन चंद्र

मी एक जुनी दुनळी बंदूक आहे, मित्रांनो. किती जुनी, ते विचारू नका. बंदुकीचं वय विचारणारा माणूस एक तर ती विकत घ्यायला आलेला असतो किंवा मोडीत काढायला, आणि या दोघांवरही माझा विश्वास नाही. खरं सांगू का, माझा चटकन कुणावरच विश्वास बसत नाही. तेलाच्या नव्या बाटलीवर नाही, कोऱ्या काडतुसावर नाही, गोड बोलणाऱ्या पाहुण्यावर तर मुळीच नाही. तुम्हीसुद्धा शेवटपर्यंत ऐकाल की मध्येच उठून जाल, याचा मला संशय आहेच. तरी सांगते, कारण सांगितल्यावाचून राहवत नाही.

दुनळी म्हणजे दोन नळ्यांची. शेजारी शेजारी दोन नळ्या, खाली दोन चाप, वर काडतुसावर आपटणारे दोन घोडे, मागे अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता. माझ्या काडतुसात एक गोळी नसते, बारीक बारीक पुष्कळ छरे असतात. ते फार लांब जात नाहीत. बार मात्र असा दणदणीत होतो की समोरच्या डोंगरावरून परत ऐकू येतो. आणि मुख्य गोष्ट अशी की मी कंबरेत मोडते. घाबरू नका, मोडते म्हणजे उघडते. दस्त्याजवळची कळ सरकवली की माझ्या नळ्या खाली झुकतात आणि मागून पुढे आरपार दिसतं. या आरपार दिसण्यावरच माझी सगळी गोष्ट उभी आहे.

माझा जन्म लांबचा, गंगेकाठच्या एका गावातला. तिथला कारागीर नळी घासून झाली की दारात जायचा, ती आभाळाकडे धरायचा आणि एक डोळा मिटून आत बघायचा. त्यामुळे मी या जगात पहिल्यांदा काय पाहिलं, तर एक डोळा. लाल, थकलेला आणि संशयाने भरलेला. माझा स्वभाव मला तिथूनच मिळाला असणार.

पुढे मी रत्नागिरीला आले, आत्माराम नावाच्या तरुण बागायतदाराकडे, शेती संरक्षणाच्या परवान्यावर. मिरजोळ्याच्या पुढे सड्याच्या, म्हणजे कातळी माळाच्या, कडेला त्याचं घर. वर कातळ, उतारावर हापूसची कलमं, खाली भाताची खाचरं. रानडुकरांनी भात तुडवू नये आणि वानरांनी मोहोर ओरबाडू नये, एवढंच माझं काम. मारायचं कुणाला नाही. हवेत बार काढायचा आणि पळवून लावायचं. मला ते बरं वाटायचं. जीव घेण्याची हौस मला कधीच नव्हती.

आत्माराम माझ्याहून संशयी निघाला. तो दूध बोटावर घेऊन बघायचा. नारळ वाजवल्याशिवाय घ्यायचा नाही. कुलूप लावलं की ते ओढून बघायचा, पाखाडी उतरून खाली गेला की पुन्हा वर येऊन ओढून बघायचा. त्याची बायको मालन कपाळाला हात लावायची.

"लगीन ठरवताना मलापण वाजवून बघितलंत काय हो, नारळासारखी?" ती विचारायची.

"बघणार होतो," आत्माराम म्हणायचा, "तुझा बापूस बाजूला बसला होता म्हणून ऱ्हायलं."

अशा घरात मी सुखात होते.

आता एक वाईट गोष्ट सांगते. आमच्याकडे पावसाळ्यात हवेत इतकं पाणी असतं की पापड नरम पडतात, मिठाला पाझर फुटतो. मग लोखंडाचं काय होत असेल! म्हणून लोक बंदुकीच्या तोंडात खोबरेलात भिजवलेला चिंधीचा बोळा कोंबतात, आत दमट हवा जाऊ नये म्हणून. रीत चांगली आहे. पण बोळा कोंबायचं जेवढं लक्षात राहतं, तेवढं तो काढायचं राहत नाही. शेजारच्या वाडीतल्या धोंडूने गणपतीनंतर भातात डुकरं शिरली तेव्हा घाईघाईने बंदूक उचलली आणि चाप ओढला. बोळा आतच होता. वाट बंद असली की बार पुढे जात नाही, मित्रांनो. तो नळी फाडून बाहेर येतो. धोंडूची दोन बोटं गेली आणि चेहरा थोडक्यात वाचला. आत्माराम धावत गेला, त्याने आपल्या पंच्याने तो हात बांधला. घरी आला तेव्हा तो जेवलाही नाही. मला मांडीवर घेऊन बसला, मला उघडलं आणि घरापुढच्या खळ्यात जाऊन आभाळाकडे धरून किती तरी वेळ बघत राहिला.

त्या दिवसापासून नेम झाला. मला हातात घेतलं की आधी मोडायचं, आभाळाकडे धरायचं, दोन्ही नळ्यांतून उजेडाची दोन गोल वर्तुळं दिसली तर काडतूस भरायचं. त्या वर्तुळांना तो चंद्र म्हणायचा. "दोन चंद्र दिसले," असं तोंडाने म्हणायचा आणि मगच पुढचं काम. खंडेनवमीला मालन माझी पूजा करायची, हळदकुंकू लावायची आणि हौसेने नळीच्या तोंडात झेंडूचं फूल खोचायची. तिची पाठ वळली की हा फूल काढून आत बघायचा. "देवाचं फूल हो ते!" ती ओरडायची. हा म्हणायचा, "देवाचं असलं तरी बोळाच तो."

माझी उमेदीची वर्षं अशी गेली. मोहोराच्या दिवसांत वाडीतले लोक मुद्दाम बोलवायला यायचे. "आत्मारामची दुनळी आणा रे," असं कुणी म्हटलं की माझ्या नळ्या ताठ व्हायच्या. मग हळूहळू मागणी कमी झाली. लोकांनी राखणीला गुरखे ठेवले. पोरं प्लॅस्टिकच्या पाइपात कार्बाइड घालून फटाफट आवाज काढायला लागली. पाइप! पाण्याचा पाइप आणि म्हणे बंदूक! मी कपाटात पडून ते आवाज ऐकायचे आणि माझा जीव जळायचा. माझ्या डाव्या घोड्याची कमान, म्हणजे स्प्रिंग, सैल झाली होती. काडतुसं दमट व्हायची आणि चार बारांतला एखादा फुसका जायचा. एकदा तर वानर माझ्याकडे बघत बसलं आणि त्याने शांतपणे डोकं खाजवलं. तो अपमान मी अजून विसरलेले नाही.

आणि मग आली ती. रायफल.

आत्मारामचा पुतण्या सुजय बोटीवर नोकरीला होता. ती नोकरी सोडून तो गावी आला, शेजारचं घर दुरुस्त करून राहिला, वडिलांची बाग बघू लागला. त्याने रीतसर परवाना काढून रायफल घेतली. काळीभोर, सडपातळ, एक नळी, बाजूला चकचकीत बोल्ट, म्हणजे नळी मागून बंद करणारा दांडा. सुजय पोरगा वाईट नव्हता. आईचा एकुलता एक, काकावर माया करणारा. फक्त त्याचा सगळ्यावर पटकन विश्वास बसायचा, आणि नव्या वस्तूवर तर जास्तच.

"काका, ह्या म्हातारीला आता कायमची पोलीस ठाण्यात जमा करून टाका," तो पहिल्याच दिवशी म्हणाला. "परवाना परत करा आणि मोकळे व्हा. माझी बघा, आजवर एकदासुद्धा दगा दिला नाय हिने."

आजवर! हा शब्द ऐकला की माझे दोन्ही घोडे ताठ होतात. आजवर दगा न देणाऱ्याला उद्या दगा द्यायला सगळा दिवस मोकळा असतो.

तरी मी तुम्हाला आम्हा दोघींचं खरंखरं सांगते. रायफल भरवशाची होती. तिचं काडतूस पितळेचं, दमट हवेत फुगायचं नाही. चाप ओढला की बार झालाच. नेम पार पलीकडच्या डोंगरापर्यंत. यातलं माझ्याकडे काहीही नव्हतं. पण मी हवेत बार काढला तर माझे छरे पत्र्यावर पावसासारखे टपटप पडायचे आणि कुणाचा केसही वाकडा व्हायचा नाही. तिची गोळी हवेत गेली तर कुठल्या वाडीत, कुणाच्या खळ्यात उतरेल याचा पत्ता नाही. आणि दुसरं, माझ्यात खोट असली तर ती उघडल्याबरोबर दिसायची. तिच्यात बघायचं तर बोल्ट बाहेर काढावा लागे, आणि जी कधी चुकत नाही तिचा बोल्ट कोण कशाला काढील? सुजय कधीच काढायचा नाही. मला भीती वाटायची ती तिच्या चुकण्याची नव्हती. तिच्यावर कुणाला संशयच येत नव्हता, याची मला भीती वाटायची.

इकडे आत्मारामच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. तो मला आभाळाकडे धरायचा आणि बराच वेळ बघत बसायचा. "दिसतात," म्हणायचा, "पण पिठात पडल्यासारखे." घरात सगळे माझ्या विरुद्ध बोलू लागले. मुलगा सागर मुंबईहून फोन करायचा आणि सांगायचा, "अण्णा, बंदूक देऊन टाका, सुजय आहे ना राखायला." मी परत केली जाणार, माझे तुकडे होणार, हे मला कळून चुकलं होतं. माझी बाजू घेणारी एकच, सागरची बायको राजश्री. ती मिरजोळ्याच्या एका कारखान्यात कामाला जायची. ती म्हणायची, "अण्णांच्या हातातून ती काढलीत तर अण्णा बसतील कुठे बघत?" म्हणजे ती माझी नव्हे, सासऱ्याची बाजू घेत होती. पण मला तेवढंही पुरे होतं.

अशात निवडणूक लागली. निवडणूक आली की परवान्याच्या सगळ्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात. नेमकं भात पिकलेलं असतं आणि आम्ही कोठीत बंद. डुकरांना ही तारीख कोण कळवतं कोण जाणे. हवालदार महिपत घाटावरचा माणूस, मनाने चांगला. एका घरच्या म्हणून त्याने आम्हा दोघींना एकाच सुतळीने बांधलं, पुठ्ठ्याची चिठ्ठी लावली आणि खिडकीजवळ तोंडं वर करून उभं केलं.

खिडकीची एक काच फुटली होती. तिथून एक कुंभारीण आत आली. कुंभारीण म्हणजे ती बारीक कंबरेची गांधीलमाशी. मिळेल त्या भोकात ती मातीचं घर बांधते. ती आधी माझ्या उजव्या तोंडावर बसली, मग डाव्या. मी श्वास रोखला. तिला माझं दार मोठं वाटलं असावं. मग ती रायफलच्या तोंडात शिरली. दिवसभर ओली माती आणायची, हिरव्या अळ्या आणायची, पुन्हा माती. आत तिचा गुणगुणाट चालायचा. मला सारखी धोंडूची बोटं आठवायची. ओरडावंसं वाटायचं, पण बंदुकीला एकच आवाज येतो आणि तो काढायला माणूस लागतो.

निकाल लागले. आत्माराम आणि सुजय आम्हाला न्यायला आले. आत्मारामने मला तिथल्या तिथे मोडून बघितलं. मग त्याने सुतळीच्या गाठीवर बोट फिरवलं, ते बोट चोळलं, आणि रायफलच्या तोंडाला लावलं. डोळ्यांना दिसत नव्हतं, पण बोटांना कळत होतं.

"सुजय, माती हाय रे हितं."

"धूळ असेल, काका." सुजयने रुमालाने तोंड पुसलं. बाहेरची माती पडून गेली. "हे बघा, झालं साफ."

"आतून बघ. त्याचा तो दांडा काढून बघ."

"आवो काका," महिपत हसत म्हणाला, "कुलपात हुती सारी. आत कोण शिरतंय?"

आत्मारामने मला खांद्याला लावलं. पण घरी येईपर्यंत तो आपलं बोट चोळत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी वानरं आली. मोहोर नुकता फुटला होता, झाडं पिवळसर दिसत होती आणि अख्खी टोळी कलमांत उतरली. मालनने थाळी बडवली. पाइपवाले दोन पोरगे फटफट करून गेले, वानरं हललीसुद्धा नाहीत. सुजय रायफल घेऊन दगडी कुंपणाच्या गडग्यावर चढला. त्याने बोल्ट मागे पुढे केला, काडतूस आत गेलं. राजश्री कामाला निघाली होती, ती पिशवी खांद्याला अडकवून खळ्यात थांबली. आत्माराम मला घेऊन धडपडत बाहेर आला.

"सुजय, थांब! आधी आतून बघ!"

"काका, मोहोर चाललाय तुमचा!"

"जाऊ दे मोहोर! बघ आधी मेल्या!"

"तुम्हाला दुधात पाणी दिसतं, नारळात खवटपणा दिसतो," सुजय वैतागून म्हणाला, "आता माझ्या रायफलीत काय दिसतंय? तुम्हाला दिसतं तरी काय?"

तो बोलून गेला आणि त्याचा चेहराच उतरला. पण माघार घेईल तो सुजय कसला! त्याने रायफल वर केली आणि दस्त्याला गाल लावला.

मी बघितलं त्या गालाकडे. कोवळा, घाईत दाढी केलेला गाल. त्याच्यापुढे हातभर अंतरावर मातीने बंद झालेली वाट. आत्मारामने मला मोडून एकदा आभाळाकडे धरलं, दोन काडतुसं सारली, मला हवेत धरलं. त्याच्या मनातलं मला कळलं. आधी बार झाला तर वानरं पळतील, आणि वानरं पळाली तर सुजयला चाप ओढायचं कारण उरणार नाही.

त्याने उजवा चाप ओढला. टच्च. काडतूस फुसकं निघालं.

अरे देवा! आयुष्यभर फुसके बार गेले, कधी एवढी लाज वाटली नव्हती. राहिला डावा, सैल कमानीचा. माझा स्वतःवर तिळभर विश्वास नव्हता. आत्मारामने मला छातीशी घट्ट धरलं आणि डावा चाप ओढला.

असा बार झाला की काय सांगू! समोरचा डोंगर दोनदा बोलला. वानरांनी फांद्यांवरून उड्या टाकल्या, गडगा ओलांडला आणि टोळी कातळाकडे पसार झाली. छरे अवजारं ठेवायच्या मांगराच्या पत्र्यावर टपटप पडले. सुजयने दचकून रायफल खाली घेतली.

"काय केलंत हे, काका?"

"आता वानरं गेली," आत्माराम धापा टाकत म्हणाला. "आता तुला घाई नाय. म्हाताऱ्याच्या समाधानासाठी एकदा तो दांडा काढ. मग मी ह्या दुनळीचा परवाना आजच परत करतो. शब्द देतो."

त्याने मलाच पणाला लावलं होतं.

सुजयने काडतूस काढलं, बोल्ट काढला आणि रागारागाने रायफल राजश्रीकडे दिली. "वहिनी, तूच बघ आणि तूच सांग ह्यांना."

राजश्रीने ती आभाळाकडे धरली. एक डोळा मिटला. मग दुसरा मिटून बघितलं.

"काळोख आहे," ती म्हणाली.

"वाकडी धरलीयस तू."

"मग तू सरळ धर."

सुजयने बघितलं. खूप वेळ बघितलं. आत्मारामने आतून माझा साफ करायचा गज आणायला सांगितलं. तो रायफलला जाड होत होता, म्हणून मालनने छत्रीची एक काडी दिली. सुजयने काडी घातली, ढकलली, आणि गडग्याच्या दगडावर माती पडायला लागली. कोरडी, घट्ट माती. तिच्यातून वाळलेल्या हिरव्या अळ्या पडल्या, आणि एक पांढरी जिवंत अळी. सुजय गडग्यावर तसाच बसून राहिला. मालन त्याच्या जवळ गेली आणि त्याच्या गालावरून हात फिरवला. तेव्हा तो रडला.

"काका, मघाशी मी बोललो ते..."

"बोललास ते खरंच बोललास," आत्माराम म्हणाला. "मला दिसत नाय. म्हणून तर तुम्ही बघा म्हणतो."

माझा परवाना परत झाला नाही. आत्मारामच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, दुसरा डोळा काही सुधारला नाही. बंदूक चालवायचं वय संपलं, हे त्याने स्वतःच मान्य केलं आणि वारसाहक्काने परवाना राजश्रीच्या नावावर करून दिला. सागर फोनवर हसला. गावात लोकही हसले. राजश्री मात्र मला घेऊन नीट शिकली. सुजय तर आता रायफल हातात घेतली की आधी बोल्ट काढून आभाळाकडे बघतो, घरात पाहुणे असले तरी.

इथेच ही गोष्ट संपली असती तर मी निर्धास्त झाले असते. पण मी निर्धास्त होणारी बाई नव्हे.

आत्माराम आता खळ्यात खुर्ची टाकून बसतो. राजश्री मला कपाटातून काढते तेव्हा तो तिथूनच विचारतो, "दोन दिसले?" ती म्हणते, "दिसले, अण्णा." सुरुवातीला ती खरंच बघायची. मग कामाची घाई, कारखान्याची बस, चुलीवरचं दूध. एक दिवस तिने न बघताच म्हटलं, "दिसले, अण्णा." पुढे तशी सवयच झाली. म्हाताऱ्या माणसाची समजूत घालावी, तसं तिचं ते "दिसले" असायचं. त्याला कळत नव्हतं. मला कळत होतं. तिच्या तोंडच्या त्या एका शब्दावर घर झोपायचं, आणि मी कपाटात जागी राहायचे.

पुन्हा निवडणूक आली. पुन्हा कोठी, पुन्हा सुतळी, पुन्हा तीच खिडकी. काच कुणी बसवली नव्हती. आणि एका सकाळी गुणगुण ऐकू आली. तीच कुंभारीण की तिची लेक, कोण जाणे. या खेपेला तिने माझं डावं दार पसंत केलं. माझ्या त्याच डाव्या नळीत, जिने सुजयला वाचवलं होतं, तिने ओली माती आणून लावली, अळ्या ठेवल्या, पुन्हा माती लावली. घर पार आत, तोंडापासून चांगलं खाली. बाहेरून बघणाऱ्याला काही दिसणार नाही. दुसऱ्यांवर संशय घेण्यात माझं आयुष्य गेलं, मित्रांनो, आणि आता मीच घात करणार होते, तोही राजश्रीचा.

राजश्री मला न्यायला आली तेव्हा तिला उशीर झाला होता. स्कूटर चालू ठेवूनच ती पायऱ्या चढली. महिपतने वही पुढे केली, तिने सही केली, मला माझ्या लांब पिशवीत सरकवलं आणि चेन ओढली. आत अंधार झाला. संपलं, असं मला वाटलं. उद्या सकाळी वानरं येतील, ती मला उचलेल, अण्णा विचारतील, ती "दिसले" म्हणेल आणि दस्त्याला गाल लावेल.

तेवढ्यात तिचा फोन वाजला.

"मिळाली काय गो?" आत्मारामचा आवाज. "दोन दिसले?"

"हो अण्णा, दि..."

ती थांबली. का थांबली, ते मला माहीत नाही. पायरीवर कुठे मातीचा ठिपका पडला असेल, सुजय गडग्यावर बसलेला आठवला असेल, किंवा तो आवाज जरा जास्तच म्हातारा वाटला असेल. चेन उघडली. उजेड आला. तिने मला मोडलं आणि आभाळाकडे धरलं. मला पुन्हा एक डोळा दिसला, पहिल्या दिवशी दिसला होता तसा.

"अण्णा," ती फोनमध्ये म्हणाली, आणि तिचा आवाज बदलला होता, "एकच दिसतोय."

पलीकडे खुर्ची करकरली.

"एकच," आत्माराम म्हणाला. मग म्हणाला, "बरं केलंस बघितलंस."

"अण्णा, मी गेले किती दिवस..."

"ता ऱ्हाऊ दे. आज बघितलंस ना?"

महिपत चहाचा कप घेऊनच बाहेर आला. "आवो ताई, दुसरा डोळा उघडा की, म्हंजी दोन दिसतील," असं म्हणून तो हसला, आणि तिचा चेहरा बघून त्याने कप खाली ठेवला. तिने स्कूटर बंद केली. पायरीवर बसून, गज मागून घेऊन, तिने माझ्या नळीतली सगळी माती काढली. कारखान्याची पाळी बुडाली. मग मला पुन्हा आभाळाकडे धरून ती स्वतःशीच, कुणी विचारलेलं नसताना, म्हणाली, "दोन."

मित्रांनो, आता मी कपाटात आहे, तेल लावून, कोरड्या फडक्यात. माझी एकच विनंती आहे. कुणी तुम्हाला सांगेल, ही वस्तू भरवशाची आहे, हिने आजवर दगा दिलेला नाही. ऐकून घ्या आणि उघडून बघा. मी सांगितलं तरी उघडून बघा, माझ्यावरही विश्वास ठेवू नका. आणि घरातल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाने खळ्यातून विचारलं, बघितलंस का, तर त्याला बरं वाटावं म्हणून हो म्हणू नका. उठा, बघा, आणि मग हो म्हणा.